जिल्हा परिषदेचे 'सीईओ साहेब' नेमके कोण असतात? सामोड्याच्या राजेंद्र भारूड यांच्या प्रवासातून समजून घ्या

फेसबुक उघडलं, इन्स्टाग्राम उघडलं, की दोन-चार दिवसांत एक व्हिडिओ हमखास समोर येतो. पांढरी गाडी गावात येते. साहेब उतरतात, थेट जिल्हा परिषदेच्या शाळेत शिरतात, पोरांना पाढे विचारतात, हजेरीपुस्तक मागतात. मागे दमदार म्युझिक आणि खाली कमेंट, "असा अधिकारी प्रत्येक जिल्ह्याला मिळाला पाहिजे."

हे साहेब बऱ्याचदा कलेक्टर नसतात, आमदार तर नसतातच. ते असतात जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे सीईओ. आपल्या गावची शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाणी योजना, ग्रामपंचायत, या सगळ्यांच्या फायली फिरत फिरत शेवटी त्यांच्या टेबलावर जातात. तरीही आपला सीईओ कोण, तो कुठून आला, त्याला कुणी नेमलं, त्याला जाब कोण विचारू शकतं, हे विचारलं तर दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही.

चला तर मग, सावद्यापासून सुरुवात करू.

सावद्यात एक साहेब, चिनावलला दुसरे

रावेर तालुक्यातलं सावदा म्हणजे केळीचं गाव. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर, फैजपूरच्या शेजारी. इथे नगरपालिका आहे. म्हणजे सावद्यात राहणाऱ्या माणसाची घरपट्टी, नळ, गटार, गल्लीतला दिवा ही कामं नगरपालिकेची. तिथे लोकांनी निवडलेला नगराध्यक्ष असतो आणि प्रशासन चालवायला 'मुख्याधिकारी' असतो. हा कारभार १९६५ च्या नगरपालिका कायद्याने चालतो.

आता सावद्यातून बाहेर पडा. चिनावलला जा, कोचूरला जा, वाघोद्याला जा. इथे ग्रामपंचायत आहे. तिच्या वर रावेरची पंचायत समिती आणि तिच्याही वर जळगावची जिल्हा परिषद. इथली शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र हे जिल्हा परिषदेकडे. त्या सगळ्यांचे साहेब म्हणजे 'मुख्य कार्यकारी अधिकारी'.

मुख्याधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी. नावं इतकी सारखी, की अर्ज लिहिताना लोक हमखास गोंधळतात आणि अर्ज चुकीच्या ऑफिसात जाऊन पडतो.

तिसरे साहेब म्हणजे कलेक्टर, अर्थात जिल्हाधिकारी. सातबारा, जमीन, रेशन, निवडणूक, आपत्ती हा त्यांचा प्रांत. केळीच्या पीक विम्याची तक्रार घेऊन जिल्हा परिषदेत गेलात तरी उपयोग होत नाही, कारण ती योजना राज्याच्या कृषी खात्यामार्फत चालते.

थोडक्यात, जमिनीचा कागद कलेक्टरकडे, शहरातली गटार मुख्याधिकाऱ्याकडे, आणि खेड्यातली शाळा-दवाखाना सीईओकडे.

मग कलेक्टर असताना सीईओ कशाला आणला?

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालं. त्यानंतर लगेच, जून १९६० मध्ये, तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. खेड्यांचा कारभार लोकांच्या हातात कसा द्यायचा हा तिच्यापुढचा प्रश्न. समितीने मार्च १९६१ मध्ये अहवाल दिला, त्याच वर्षी जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

या समितीने एक वेगळा निर्णय घेतला होता. कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवलं. इंग्रजांच्या काळापासून जिल्ह्याचा राजा म्हणजे कलेक्टर. तोच जर जिल्हा परिषदेत येऊन बसला, तर निवडून आलेल्या अध्यक्षाचं कोण ऐकणार? म्हणून जिल्हा परिषदेला स्वतःचा वेगळा, पण कलेक्टरच्या तोडीचा अधिकारी द्यायचं ठरलं. तोच हा सीईओ. आमदार-खासदारांनाही जिल्हा परिषदेचे सदस्य केलं नाही.

कामाची वाटणी अशी. काय करायचं ते अध्यक्ष, सभापती आणि सदस्यांनी ठरवायचं, ते करून दाखवायचं सीईओने. सीईओ सर्वसाधारण सभेला बसतो, बोलतो, सल्ला देतो, पण त्याला मत नसतं. उलट कर्मचारी, तिजोरी आणि कागदपत्रं त्याच्या ताब्यात असतात. त्याच्या हाताखाली अतिरिक्त आणि उपमुख्य कार्यकारी अधिकारी, शिक्षणाधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, मुख्य लेखा व वित्त अधिकारी असे खातेप्रमुख असतात. तालुक्याला गटविकास अधिकारी म्हणजे बीडीओ, आणि गावात ग्रामपंचायत अधिकारी.

जळगावचाच हिशोब करा. १५ तालुके, अकराशेच्या वर ग्रामपंचायती. त्यात हजारो शिक्षक, आरोग्यसेविका, ग्रामपंचायत अधिकारी. एखाद्या मोठ्या कंपनीच्या सीईओकडे असावा इतका पसारा, आणि तो सांभाळणारा अधिकारी बऱ्याचदा असतो तिशीतला.

या खुर्चीपर्यंत माणूस पोचतो कसा?

दोन वाटा आहेत.

पहिली वाट यूपीएससीची. परीक्षा, मग मसुरीच्या अकादमीत आणि जिल्ह्यात मिळून साधारण दोन वर्षांचं प्रशिक्षण. नंतर सहायक जिल्हाधिकारी, म्हणजे आपल्या भाषेत प्रांत, किंवा आदिवासी भागात प्रकल्प अधिकारी. त्यानंतर जिल्हा परिषदेची सीईओगिरी, आणि पुढे कलेक्टर. सीईओचं पद हे तरुण आयएएस अधिकाऱ्यासाठी कलेक्टर होण्याआधीचं एक मोठं स्टेशन आहे.

दुसरी वाट एमपीएससीची. उपजिल्हाधिकारी किंवा गटविकास अधिकारी म्हणून लागायचं, तालुके-जिल्हे पालथे घालायचे आणि वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर बढतीने आयएएस व्हायचं. असे सीईओ वयाने मोठे असतात, पण कोणती फाईल कुठे आणि का अडते हे त्यांना पाठ असतं.

आता पहिल्या वाटेने गेलेल्या आपल्या खानदेशातल्याच एका माणसाकडे बघू.

सामोड्याची झोपडी ते सोलापूरची खुर्ची

धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका. पिंपळनेरजवळचं सामोडे गाव. डॉ. राजेंद्र भारूड इथे १९८८ मध्ये एका भिल्ल कुटुंबात जन्मले. जन्मायच्या आधीच वडील गेले होते. आई आणि आजी मोहाची दारू गाळून विकायच्या, त्यावर घर चालायचं. आपण दोन-तीन वर्षांचे असताना रडायला लागलो तर दारू प्यायला आलेले लोक गप्प करायला तोंडात दारूचे थेंब टाकायचे, हे भारूड यांनीच पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. गिऱ्हाइकं त्यांना चखणा आणायला पिटाळायची, वर थोडे पैसे द्यायची, आणि त्या पैशातून पुस्तकं यायची.

पाचवीपर्यंत शिक्षण झालं ते गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. शिक्षकांच्या लक्षात आलं की पोरगं हुशार आहे. त्यांनी आईला सांगितलं आणि पुढे नवोदय विद्यालयात निवड झाली. शाळा होती अक्कलकुव्याला, घरापासून लांब, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथून मुंबईचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज, म्हणजे केईएम. एमबीबीएस करता करताच यूपीएससीचा अभ्यास. पहिल्या निवडीत आयएएस मिळालं नाही. पुन्हा परीक्षा दिली आणि २०१३ च्या तुकडीत ते आयएएस झाले. २०१४ मध्ये 'मी एक स्वप्न पाहिलं' हे त्यांचं आत्मकथन आलं.

नांदेड जिल्ह्यातल्या नेमणुकीनंतर २०१७ मध्ये ते सोलापूर जिल्हा परिषदेचे सीईओ झाले. ११ तालुके, हजारावर ग्रामपंचायती. जिल्हा परिषदेच्या शाळेत फरशीवर बसून शिकलेला पोरगा एका अख्ख्या जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांचा साहेब झाला.

सोशल मीडियावर ही गोष्ट साधारण इथेच संपते. आईसोबतचा फोटो, खाली 'जिद्द' असं एक शब्दाचं कॅप्शन, आणि हजारो लाईक. जिद्द तर होतीच, त्यात वाद नाही. पण या गोष्टीत आणखी काही गोष्टी आहेत आणि त्या फोटोत दिसत नाहीत. गावात चालू असलेली जिल्हा परिषदेची शाळा होती. पोराची हुशारी ओळखून घरी जाऊन बोलणारे शिक्षक होते. फुकट राहण्या-खाण्याची सोय असलेलं नवोदय होतं. महापालिकेचं मेडिकल कॉलेज होतं. यातली एक जरी कडी तुटली असती, तर जिद्द असूनही हा प्रवास सामोड्यातच थांबला असता. त्यातली पहिली कडी कुणाच्या अखत्यारीत येते? जिल्हा परिषदेच्या, म्हणजे सीईओच्या.

नंदुरबारचा ऑक्सिजन

२०१९ मध्ये भारूड नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. ज्या जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याला शिकले तिथेच कलेक्टर. पुढच्याच वर्षी कोरोना आला.

२०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांच्या आसपास लोकसंख्येचा, आदिवासीबहुल, डोंगराळ जिल्हा. पहिली लाट आली तेव्हा इथे ऑक्सिजन तयार करायची सोय नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये जिल्ह्यात हवेतून ऑक्सिजन तयार करणारा पहिला प्लांट बसला, मिनिटाला ६०० लिटर क्षमतेचा. त्यानंतर रुग्ण कमी झाले, देशभर लोकांना वाटलं संपलं एकदाचं. नंदुरबारने मात्र आणखी प्लांट बसवले. एका प्लांटचा खर्च साधारण ८५ लाख. जिल्हा नियोजनाचा निधी, आपत्ती निधी, कंपन्यांचा सामाजिक निधी, असे पैसे गोळा केले. एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठ्या शहरांत नातेवाईक सिलिंडरसाठी रात्रभर धावत होते, तेव्हा नंदुरबारकडे मिनिटाला २४०० लिटर ऑक्सिजन तयार करण्याची क्षमता होती. देशभरातल्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली.

डॉक्टर असलेल्या कलेक्टरला पुढचा धोका लवकर दिसला हे खरं. पण त्याच्याकडे निधी वळवायचे अधिकार होते, आपत्ती कायद्याचं बळ होतं, आणि तो त्या वेळी त्या खुर्चीत होता, हेही तितकंच खरं. हाच माणूस दोन वर्षं आधी दुसरीकडे बदलून गेला असता तर?

आणि बदली झालीच. २०२१ मध्येच भारूड नंदुरबारहून पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत आयुक्त म्हणून गेले. प्लांट मागे राहिले, कारण ते लोखंडाचे होते. शाळेतली शिस्त, दवाखान्यातली हजेरी, वेळेवर हलणारी फाईल, या गोष्टी अशा मागे राहतात का?

बदलीचं चक्र

२००५ चा बदल्यांचा कायदा सांगतो, एका पदावर साधारण तीन वर्षं. प्रत्यक्षात काय होतं ते जळगावकरांनी पाहिलं आहे. २०२१ ते २०२५ या काळात जळगाव जिल्हा परिषदेच्या सीईओच्या खुर्चीवर पंकज आशिया, श्री अंकित आणि मीनल करनवाल असे तीन अधिकारी बसले. यात त्यांचा दोष नाही, बदलीचा आदेश मंत्रालयातून येतो.

पण गावाच्या बाजूने विचार करा. नवीन साहेब येतात. पहिले काही महिने जिल्हा समजून घेण्यात जातात. मग ते एखादा उपक्रम सुरू करतात. शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी रात्री जागून त्याची माहिती ऑनलाईन भरतात. उपक्रम जरा रुळतो तोच साहेबांची बदली होते. पुढच्या साहेबांचा उपक्रम वेगळा, त्याचं ॲप वेगळं. म्हणून खालचा कर्मचारी एक धडा शिकतो, फार मनावर घ्यायचं नाही, दोन वर्षांनी हेही जाईल.

बाहेर काय चालतं तेही पाहू. अमेरिकेत १९०८ मध्ये व्हर्जिनियातल्या स्टॉन्टन शहराने पहिल्यांदा पगारी 'मॅनेजर' नेमला. पुढे ही पद्धत तिथल्या काउंट्यांमध्ये, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या घटकात, पसरली. तिथे निवडून आलेली कौन्सिल स्वतः जाहिरात देते, मुलाखत घेते, मॅनेजर नेमते आणि काम पटलं नाही तर काढून टाकते. आयर्लंडने १९४० मध्ये कायदा करून प्रत्येक काउंटीला मॅनेजर दिला, मात्र त्याची निवड देशपातळीवरच्या आयोगामार्फत ठेवली, म्हणजे गावच्या वशिल्याला जागा नको.

आपलं मॉडेल तिसरंच. जिल्हा परिषद सीईओ निवडत नाही, राज्य सरकार पाठवतं. याचा फायदा असा की स्थानिक पुढाऱ्यांच्या दबावाला नाही म्हणण्याची ताकद त्याच्याकडे असते. तोटा असा की त्याचं पुढचं पोस्टिंग मुंबईत ठरतं, त्यामुळे त्याने कुणाला खूश ठेवायचं हा प्रश्न उरतोच. सीईओ अगदीच नको असेल तर विशेष सभा बोलावून दोन तृतीयांश बहुमताने ठराव करायचा आणि सरकारने त्याला परत बोलवायचं, अशी तरतूद कायद्यात आहे. अध्यक्ष आणि सीईओ यांच्या भांडणात या हत्याराची धमकी अधूनमधून ऐकू येते.

सभागृहच नसेल तर?

इथपर्यंत आपण धरून चाललो की एका बाजूला निवडून आलेले सदस्य आहेत आणि दुसऱ्या बाजूला अधिकारी. मार्च २०२२ मध्ये ही एक बाजूच गायब झाली.

जळगावसह राज्यातल्या बहुतांश जिल्हा परिषदांची मुदत तेव्हा संपली. ओबीसी आरक्षण आणि गटरचना यांच्या कोर्टकचेरीत निवडणुका अडकल्या आणि सीईओंनाच 'प्रशासक' नेमलं गेलं. बऱ्याच नगरपालिकांमध्येही त्याच सुमारास प्रशासक आले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं, त्यानंतर कुठे चाकं हलली. नगरपालिकांचं मतदान सुरू व्हायला २ डिसेंबर २०२५ उजाडला.

प्रशासक म्हणजे काय, तर अध्यक्षांचे अधिकार, स्थायी समितीचे अधिकार, सर्वसाधारण सभेचे अधिकार, सगळे एका माणसात. सीईओ म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून तोच प्रस्ताव मंजूर करायचा. माणूस कितीही चांगला असो, "साहेब, हे चिनावलला का दिलं आणि कोचूरला का नाही?" असं भर सभेत विचारणारा सदस्य तिथे उरत नाही.

याचा थेट पैशातही फटका बसला. १५ व्या वित्त आयोगाचा निधी महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला अशा हिशोबाने वाटला जात होता. पण हा निधी मिळण्यासाठी निवडून आलेली सभा असावी लागत होती. प्रशासक असलेल्या जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा वाटा त्यामुळे अडला.

गंमत म्हणजे याच काळात "पुढारी नाहीत तेच बरंय, अधिकारी मस्त काम करतात" अशा कमेंट वाढल्या. पुढाऱ्यांचा वैताग समजू शकतो. टक्केवारी, ठेके, बदल्यांचा बाजार हे कुणी नाकारत नाही. पण सदस्य वाईट निघाला तर पाच वर्षांनी पाडता येतो. अधिकारी वाईट निघाला तर गावकऱ्याच्या हातात काय असतं? अर्ज, आणि वाट बघणं.

मग आपण काय करायचं?

अधिकाऱ्याचं कौतुक जरूर करा, पण सोबत चार गोष्टी तपासा.

एक, योग्य दार ओळखा. नगरपालिकेच्या हद्दीतलं काम मुख्याधिकाऱ्याकडे, खेड्यातलं आधी ग्रामपंचायत, मग बीडीओ, मग सीईओ. सरळ जळगावला अर्ज टाकला तर तो फिरून रावेरलाच येतो आणि महिना जातो.

दोन, तारीख लक्षात ठेवा. बदल्यांचा तोच २००५ चा कायदा दफ्तर दिरंगाईबद्दलही आहे. साधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं त्यात लिहिलेलं आहे. अर्ज दिला की पोच घ्या. पोच नसेल तर तुमचा अर्ज आलाच नव्हता असं समजा.

तीन, साहेबांची भेट होऊन गेल्यावर सहा महिन्यांनी त्याच शाळेत जा. पटसंख्या किती, शिक्षक किती, नळाला पाणी येतं का, एवढंच बघा. भेटीच्या दिवशी सगळंच चकाचक असतं.

चार, जिल्हा परिषदेच्या मतदानाला जा आणि मत मागायला येणाऱ्याला विचारा, सर्वसाधारण सभेत तू किती प्रश्न विचारलेस? सीईओला भर सभेत उभं करण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे, आपल्याकडे नाही.

सामोड्याच्या त्या शाळेतल्या शिक्षकांनी राजेंद्र नावाचा पोरगा हेरला, तेव्हा धुळे जिल्हा परिषदेत कोण सीईओ होता हे आज कुणाच्या लक्षात नसेल. त्याचा व्हिडिओ निघाला नव्हता. पण शाळा उघडी होती, शिक्षक हजर होते, आणि पोरात काही वेगळं दिसल्यावर त्याच्या आईशी जाऊन बोलायचं त्यांना सुचलं होतं. चिनावलच्या, कोचूरच्या, वाघोद्याच्या शाळेत आज असंच एखादं पोरगं बसलेलं असेल. त्याच्या वर्गाला शिक्षक आहे का, एवढं आधी बघून या.